एका गोळीत किती राजकारण मावतं

मुंबई सेंट्रलच्या बेलासिस रोडवर सिप्लाचं मुख्य कार्यालय होतं, त्या काळातली गोष्ट. फेब्रुवारी २००१ मध्ये या औषध कंपनीने एक भाव जाहीर केला. एचआयव्हीवरची तीन औषधं मिळून एका माणसाचा वर्षाचा खर्च ३५० डॉलर, हा भाव 'मेदसाँ साँ फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या संस्थेसाठी. सरकारांना तेच ६०० डॉलरला. अमेरिकेत तेव्हा असा उपचार वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरला पडायचा. या भावाबद्दल आजवर भरपूर लिहिलं गेलंय. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख युसुफ हमीद यांचं नाव त्यात येतं आणि ते यायलाच हवं. पण त्याच वर्षी आलेल्या ट्रायोम्यून या गोळीत काय घातलं, किती घातलं आणि ती कशात भरली, याकडे औषधनिर्मितीतली माणसं सोडली तर फारसं कुणी पाहिलं नाही. जागतिक राजकारण त्या वर्षांत हललं, त्यात भावाइतकाच वाटा गोळीच्या डिझाइनचाही होता, असं माझं ठाम मत आहे.

त्या वेळचा वाद नीट आठवून पाहा. औषधं महाग आहेत हा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा जास्त घातक होता: स्वस्त केली तरी आफ्रिकेतल्या गरीब माणसाला ती वेळेवर घेता येणार नाहीत. अमेरिकेच्या मदतसंस्थेचे, म्हणजे यूएसएडचे, प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी २००१ मध्ये संसदीय समितीसमोर साधारण असंच सांगितलं, की तिथल्या लोकांना घड्याळाच्या वेळेची सवय नाही, मग ठरावीक तासाला गोळ्या कशा घेणार? हे बोलणं अपमानकारक होतं. पण त्यामागे एका खऱ्या वस्तूचा आधार होता. इंडिनाव्हिर हे तेव्हाचं एक प्रमुख औषध दर ८ तासांनी, ४०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, रिकाम्या पोटी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावं लागे. पाणी कमी पडलं की मुतखडा व्हायचा. सोबत बाकीची औषधं वेगळी, प्रत्येकाची बाटली वेगळी. अशा वेळापत्रकाने न्यूयॉर्कचा माणूसही मेटाकुटीला यायचा. त्या औषधाची अडचण होती, ती माणसाच्या माथी मारली गेली.

ट्रायोम्यूनने तो मुद्दाच काढून घेतला. एका गोळीत स्टॅव्ह्युडिन ३० मिलिग्रॅम (६० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या माणसाला ४०), लॅमिव्ह्युडिन १५० आणि नेव्हिरापिन २००. सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवणाची अट नाही, फ्रिज नको. हीच औषधं सुटी घेतली तर दिवसाला सहा गोळ्या होतात, इथे दोन. सूर्य उगवताना एक आणि मावळताना एक असं सांगितलं की काम झालं.

ही गोळी न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये का झाली नाही? तंत्र अवघड होतं म्हणून नव्हे. स्टॅव्ह्युडिनचे हक्क येल विद्यापीठाकडून ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे गेले होते, लॅमिव्ह्युडिन ग्लॅक्सोकडे होतं आणि नेव्हिरापिन बोरिंगर इंगेलहाइमकडे. तीन मालकांची औषधं एका गोळीत घालणं म्हणजे तिघांनी आधी करार करायचा. भारतात तो प्रश्नच नव्हता. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे, तेही फार तर सात वर्षं. पद्धत वेगळी शोधली की औषध बनवायला मोकळीक. हा कायदा जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या पेटंटविषयक करारामुळे १ जानेवारी २००५ पासून बदलला. म्हणजे ट्रायोम्यून ज्या फटीतून बाहेर आली ती फट पुढे चार वर्षांत बंद झाली. डिझाइन करणाऱ्याच्या हाती काय कच्चा माल आहे, या प्रश्नात कायदाही मोजायला हवा, तो याचसाठी.

आता गोळी बनवण्याकडे येऊ. तीन पावडरी एकत्र करून दाबल्या, इतकं ते सोपं नाही.

पहिली अडचण प्रमाणाची. तीन औषधं मिळून ३८० मिलिग्रॅम, त्यात स्टॅव्ह्युडिन फक्त ३०. औषधांच्या एकूण वजनाच्या आठ टक्क्यांहूनही कमी. हे थोडं औषध एकदम मोठ्या ब्लेंडरमध्ये टाकलं तर कुठल्या गोळीत ३६ जातं, कुठल्या गोळीत २४. म्हणून आधी ते तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या पावडरीत मिसळतात, मग त्या मिश्रणाइतकी आणखी पावडर, मग पुन्हा तेवढी, असं दुप्पट करत जातात. इतकं करूनही गोळ्या दाबणाऱ्या प्रेसच्या हॉपरमध्ये, म्हणजे पावडर ओतायच्या नरसाळ्यात, यंत्राच्या थरथरीने बारीक कण खाली बसतात आणि जाडे वर राहतात. बॅचच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या गोळ्यांत फरक पडतो तो तिथे. उपाय म्हणजे आधी ग्रॅन्युलेशन, तिन्ही औषधं एकाच दाण्यात बांधून टाकायची. गोळीत औषधाचं प्रमाण वजनाच्या पाव हिश्शाहून कमी असेल तर नुसती गोळी तोलून भागत नाही. दहा गोळ्या एकेक करून तपासाव्या लागतात, शंका आली तर आणखी वीस.

दुसरी अडचण पाण्याची. लॅमिव्ह्युडिन पाण्यात सहज विरघळतं, नेव्हिरापिन जवळपास नाहीच. त्याचे कण पुरेसे बारीक दळले नाहीत तर गोळी पोटात फुटते पण औषध रक्तात पोचत नाही. स्टॅव्ह्युडिनचं दुखणं उलटं आहे. ओलावा मिळाला की ते तुटतं आणि त्यातून थायमिन बाहेर पडतं. म्हणजे ओल्या पद्धतीने ग्रॅन्युलेशन करायचं तर पाणी किती आणि सुकवायचं किती, याचा हिशेब एका औषधाच्या सोयीने केला की दुसरं बिघडतं. जुलैतल्या मुंबईच्या हवेत हे काम करून पाहिलेल्या माणसाला डिह्युमिडिफायरचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट साठवणीची. उष्ण आणि अतिदमट प्रदेशासाठी गोळी ३० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवून तपासतात, शिवाय सहा महिने ४० अंशांवर. युरोप-अमेरिकेसाठीचा मापदंड २५ अंश आणि ६० टक्क्यांचा. औषध कुठल्या देशासाठी आहे हे या दोन आकड्यांत आधीच ठरून जातं. थंड हवेसाठी तपासलेली गोळी आफ्रिकेतल्या मलावीच्या दवाखान्याच्या पत्र्याखाली किती टिकेल, याचं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

मलावीचं नाव उगाच घेतलं नाही. २००४ पासून त्या देशाने ट्रायोम्यूनच्याच आधारावर राष्ट्रीय उपचार कार्यक्रम उभा केला. डॉक्टर मूठभर, म्हणून क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कर्मचारी) आणि नर्स उपचार सुरू करू लागले. हे शक्य झालं कारण बहुतेक सगळ्यांना औषध एकच होतं. दवाखान्यांना माल दोन प्रकारच्या पॅकमध्ये जायचा: नव्या रुग्णासाठी स्टार्टर पॅक आणि पुढे कन्टिन्युएशन पॅक. स्टोअरकीपरला मिलिग्रॅमचा हिशेब करायचा नव्हता, माणसं मोजायची होती.

याचा फायदा साध्या गणितात दिसतो. समजा एखाद्या गोदामात प्रत्येक औषध शंभरातल्या ९५ दिवशी उपलब्ध असतं. तीन औषधं सुटी असतील आणि त्यांचा तुटवडा एकमेकांशी संबंधित नसेल, तर तिन्ही एकाच वेळी हजर असण्याचे दिवस सुमारे ८६. उरलेल्या १४ पैकी बहुतेक दिवशी रुग्ण दोन औषधांवर घरी जातो. एचआयव्हीत अर्धवट उपचार हा उपचार नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतो, कारण विषाणू त्या औषधांना निर्ढावतो. तिन्ही एका गोळीत असतील तर गोळी आहे किंवा नाही, मधलं काही नाही. महिन्याला हजार रुग्णांच्या दवाखान्यात १ लाख ८० हजार गोळ्यांऐवजी ६० हजार, आणि साठ्याच्या वहीत तीन खात्यांऐवजी एक खातं. माझ्या मते आफ्रिकेतल्या आरोग्यमंत्र्यांचा 'हे जमेल' असा विश्वास बसला तो या खात्यामुळे. ३५० डॉलरने दार उघडलं, पण आत गोदाम चालवायचं होतं.

राजकारणाचे टप्पे याच वर्षांत भराभर आले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला न्यायालयात खेचणाऱ्या ३९ औषध कंपन्यांनी एप्रिल २००१ मध्ये खटला मागे घेतला. १४ नोव्हेंबर २००१ ला दोह्यात जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी मान्य केलं, की ट्रिप्स करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये. जानेवारी २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरचा पेपफार हा एचआयव्हीविरोधी मदत कार्यक्रम जाहीर केला आणि त्याच भाषणात उपचाराचा खर्च १२ हजारांवरून ३०० डॉलरच्या खाली आल्याचा दाखला दिला. हे सगळं एका गोळीने घडवलं असं म्हणणं खोटं ठरेल. डर्बनपासून दिल्लीपर्यंतच्या रुग्णांच्या संघटना, वकील, काही हट्टी अधिकारी यांनी वर्षानुवर्षं घासून ते केलं. मात्र त्यांच्या हातात दाखवायला एक वस्तू होती, आणि 'अशक्य आहे' असं म्हणणाऱ्यासमोर ती टेबलावर ठेवता येत होती.

दोह्यानंतरच्या ३० ऑगस्ट २००३ च्या निर्णयाकडे तर डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावं. ज्या देशात औषध कारखाने नाहीत त्याने दुसऱ्या देशाकडून सक्तीच्या परवान्याखाली (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय सरकारने दिलेल्या) औषध मागवायचं असेल, तर ते खास पॅकिंगने आणि गोळीच्या वेगळ्या रंगाने किंवा आकाराने ओळखता यावं, असं त्यात लिहिलं आहे. शक्य असेल आणि किंमत फारशी वाढत नसेल तर, अशी पुस्ती जोडून. उद्देश हा की गरीब देशाची स्वस्त गोळी श्रीमंत बाजारात परत येऊ नये. कॅनडाने यासाठी गोळीवर 'एक्ससीएल' ही अक्षरं उमटवायचा नियम केला. ऐकायला ही छोटी अट. कारखान्यात मात्र नवा रंग म्हणजे नवं फिल्म कोटिंग, त्याचा नवा स्थिरतेचा अभ्यास आणि नोंदणीत फेरफार. नवं चिन्ह म्हणजे प्रेसच्या पंचांचा, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशांचा, नवा संच. एवढं करून माल एकाच देशाला आणि ठरलेल्या संख्येतच विकता येतो. रवांडाने कॅनडातून २००८ मध्ये मागवलेली तीन औषधांची गोळी, हाच त्या पद्धतीने पूर्ण झालेला व्यवहार. करारात हक्क दिला आणि पंचांच्या संचात तो अडकवला. वाटाघाटींच्या खोलीत टॅब्लेट प्रेस चालवलेला एक जरी माणूस असता तर ते वाक्य असं लिहिलं गेलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

तिकडे अमेरिकेला तीन औषधांची एक गोळी लगेच पटली नाही. पेपफारच्या पैशातून ती घ्यायची की नाही यावर २००४ चं अर्धं वर्ष गेलं, मार्चमध्ये बोट्स्वानातल्या गाबोरोनेत त्यासाठी खास परिषद झाली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता पुरेशी नाही, आमच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तपासायला हवी, असा आग्रह. यात कंपन्यांचं हित होतं हे उघड आहे. पण तांत्रिक शंका सगळ्या खोट्या नव्हत्या. जैवसमतुल्यता, म्हणजे नवी गोळी रक्तात मूळ औषधाइतकीच पोचते हे, सिद्ध करायची तर तिन्ही औषधांची रक्तातली कमाल पातळी आणि एकूण मात्रा, अशी सहा मापं, मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसावी लागतात. एक जरी बाहेर गेलं तर गोळी नापास. त्याच वर्षी काही भारतीय एचआयव्ही औषधं आरोग्य संघटनेच्या यादीतून तात्पुरती काढली गेली, कारण बाहेरच्या प्रयोगशाळांत झालेल्या याच चाचण्यांच्या नोंदी नीट नव्हत्या. गोळ्या वाईट ठरल्या नव्हत्या, कागद कच्चे होते. पण ज्या वस्तूवर जगभर डोळे लागलेत तिच्या बाबतीत कागद हासुद्धा तिचाच एक भाग असतो.

आणि गोळीत खरे दोषही होते. ते झाकून हा इतिहास सांगणं मला पटत नाही.

नेव्हिरापिन पहिले १४ दिवस दिवसातून एकदाच द्यायचं असतं, नाहीतर अंगावर पुरळ येतं, यकृताला धोका होतो. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत सकाळी तीन औषधांची गोळी आणि संध्याकाळी दोनच औषधांची. ती दुसरी गोळी दवाखान्यात नसेल तर एकाच गोळीची सगळी सोय पहिल्याच दिवशी कोसळते. मलावीचं स्टार्टर पॅक याच छिद्रावरचं ठिगळ होतं.

थांबवतानाही अडचण. नेव्हिरापिन रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, बाकी दोन लवकर निघून जातात. गोळ्या एकदम बंद झाल्या की शरीरात एकटं नेव्हिरापिन उरतं आणि विषाणू त्याला सरावतो. सुटी औषधं असतील तर नेव्हिरापिन आधी थांबवता येतं, एका गोळीत ते शक्य नाही. शिवाय क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे नेव्हिरापिनची पातळी घटते, आणि क्षय व एचआयव्ही एकत्र असणारे रुग्ण मुंबईत किती भेटतात हे इथल्या कुठल्याही वॉर्डबॉयला ठाऊक आहे. एचआयव्ही-२ हा विषाणूचा प्रकारही पश्चिम भारतात सापडतो, त्यावर नेव्हिरापिन चालतच नाही. लहान मुलांसाठी वेगळी गोळी येईपर्यंत मोठ्यांची गोळी अर्धी किंवा पाव करून देत. तुकडे सारखे पडत नसत आणि पडले तरी प्रमाण चुकायचं, कारण मुलांना नेव्हिरापिन तुलनेने जास्त लागतं.

सगळ्यात मोठं दुखणं स्टॅव्ह्युडिन. स्वस्त म्हणून ते निवडलं गेलं. महिन्या-वर्षांनी तळपायांची आग, बधिरपणा, गालांवरची चरबी झिजून ओढलेला चेहरा. लोकलज्जेपायी जो आजार लपवायचा तोच चेहऱ्यावर उमटायचा. आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सर्वांनाच ३० मिलिग्रॅम द्या असं सांगितलं. त्याने दोन ताकदींचा घोळही मिटला. मग २००९ च्या अखेरीस हे औषधच मागे घ्यायची शिफारस केली. तरी ते जायला वर्षं लागली, कारण करार, साठे, छापील तक्ते, प्रशिक्षण सगळं त्या गोळीभोवती बांधलेलं होतं. एखादी वस्तू धोरण हलवते तेव्हा पुढे ते धोरणच तिला जागेवर खिळवून ठेवतं.

आपल्याकडचा हिशेबही मांडायला हवा. मुंबईच्या कंपनीची गोळी आफ्रिकेत पोचत होती तेव्हा इथल्या रुग्णाला ती पदरच्या पैशाने घ्यावी लागे. भारत सरकारचे मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, १ एप्रिल २००४ ला सुरू झाले, मुंबईत जे. जे. रुग्णालयात. वस्तू बनवणारी कंपनी याच शहरातली होती, खरेदी करण्याचा राजकीय निर्णय नव्हता.

आजची नेहमीची गोळी म्हणजे टीएलडी: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्राव्हिर ५०. दिवसाला एकच. तिच्या आधीच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिरच्या जागी एफाव्हिरेन्झ ६०० होतं, म्हणजे औषधाचं वजन १२०० मिलिग्रॅम, आता ६५०. जवळपास निम्मं. गिळायला सोपी हे झालंच, पण कच्चा माल कमी, बाटली लहान, कंटेनरमध्ये जास्त माल. २०१७ मध्ये वर्षाला ७५ डॉलरच्या आसपास ठरलेला भाव २०२३ मध्ये ४५ च्या खाली आला. ९० गोळ्यांची बाटली आली तशी तीन महिन्यांतून एकदा फेरी पुरू लागली, पुठ्ठ्याची पेटी काढून टाकली की जागा आणखी वाचते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा ज्याच्या घरात नुकतीच घेतलेली ९० ची बाटली होती त्याला तेवढे दिवस मिळाले.

बाटलीची गोष्ट निघालीच आहे तर दोन सूचना. टेनोफोव्हिरला ओलावा चालत नाही, म्हणून बाटलीत सिलिका जेलची डबी असते. गोळ्या कागदी पुडीत किंवा झिपच्या पिशवीत काढून देणं पावसाळ्यात अगदी चुकीचं. पण लोक तसं का मागतात तेही समजून घ्या: बाटली पर्समध्ये खळखळते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत किंवा लोकलच्या डब्यात तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो. काही जण आत कापूस कोंबतात, कापूस दमट हवेतला ओलावा धरून ठेवतो. त्यापेक्षा पॉलिएस्टरची गुंडाळी बरी. मुळात हे काम कंपनीचं आहे, बाटलीतली रिकामी जागा कमी केली की आवाज कमी होतो.

आता लेनाकापाव्हिर आलंय, संसर्ग टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. १.५ मिलिलिटरची दोन इंजेक्शनं पोटाच्या कातडीखाली. स्वस्त आवृत्ती बनवायचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला त्यात पुण्याची एमक्युअरही आहे. परवाना १२० देशांपुरता, ब्राझील त्यात नाही, जरी चाचण्यांचा एक भाग तिथे झाला होता. इथेही सुरुवातीला नेव्हिरापिनसारखंच एक छिद्र आहे: इंजेक्शनच्या दिवशी ३०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पहिल्या दिवशीच्या नर्ससमोर घेता येतात, दुसऱ्या दिवशीच्या घरी विसरतात किंवा कुणाच्या तरी नजरेस पडतात. त्या चार गोळ्या इंजेक्शनच्याच खोक्यात, दिवस छापलेल्या एकाच पाकिटात याव्यात, आणि ते पाकीट बिनानावाचं असावं. खरेदीची निविदा लिहितानाच हे मागता येतं, नंतर मागायला गेलं की नवी नोंदणी करावी लागते.